मागचे चाक आणि कोरडी वाट

दिवाळी झाली की आमच्या कोपरच्या आसपासची जमीन रंग बदलते. खाडीकडच्या वाटांवरचा चिखल वाळतो, त्याला भेगा पडतात आणि गुरांच्या खुरांचे ठसे विटेसारखे भाजून निघतात. पूर्वेला मलंगगडाच्या पायथ्याचे गवत पिवळे पडते. पावसात जिथे सायकलचे चाक चार बोटे रुतत होते, तीच वाट दगडासारखी टणक होते. पुढे होळीपर्यंत त्या टणक वाटेवर मुरमाची बारीक खडी आणि धूळ साठत जाते. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा आणि कोरडी वाट आठ महिन्यांची. डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्याने टायर निवडायचा तो या आठ महिन्यांसाठी.

यंदा हा विषय निघाला तो माझ्या भाच्यामुळे. रविवारी सकाळी तो सायकल ढकलत आमच्या दारात आला. मागच्या टायरचे रबर मध्यभागी इतके झिजले होते की आतले धागे दिसत होते. शिकवण्या घेऊन तो स्वतःचा खर्च भागवतो. म्हणाला, “मामा, माझ्याकडे हजार रुपये आहेत. मित्र म्हणतोय, तीन हजारांचा परदेशी टायर घे, उधार देतो. तू सांग, घेऊ का?”

मी नको म्हटले. का म्हटले, ते त्याला समजावून सांगायला मला अर्धा दिवस लागला. तेच आज तुम्हाला सांगतो.

नोकरीची बरीच वर्षे मी औद्योगिक वसाहतीत रबराचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात काढली. त्यामुळे रबर कळते असा माझा समज होता. सायकल मात्र पन्नाशी ओलांडल्यावर हातात घेतली, डॉक्टरांनी साखरेचे आकडे दाखवल्यावर. सहा वर्षांपूर्वी माझाही मागचा टायर असाच झिजला. मी ऐपतीबाहेर जाऊन एक उत्तम, मऊ रबराचा, उंच ठोकळ्यांचा टायर आणला आणि झिजलेल्याच्या जागी, म्हणजे मागे बसवला. पुढचा जुनाच राहू दिला. दिसायला तो बरा दिसत होता. त्याच महिन्यात मलंगगडाखालच्या एका उतारावर, डावीकडे वळताना, मुरमावर पुढचे चाक बाजूला सरकले. मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे प्लास्टर राहिले. मागच्या चाकाने जमीन इतकी घट्ट धरली होती की ते तसूभरही हलले नव्हते.

मागचे चाक घसरले तर सायकल शेपूट हलवल्यासारखी हलते. आपण घाबरतो, पाय टेकतो, आणि बहुतेक वेळा सावरतो. पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून हातात थोडेच पैसे असतील, तर चांगला टायर पुढे जातो. मागे स्वस्त चालतो. मागचा टायर झिजण्यासाठीच असतो असे म्हटले तरी चालेल. आपण सपाट रस्त्यावर बसलेलो असताना साधारण साठ टक्के भार मागच्या चाकावर असतो. पायडलचा सगळा जोर तिथूनच जमिनीला लागतो. चढावर भार आणखी मागे सरकतो. आणि घाबरलेला नवशिका सायकलस्वार मागचाच ब्रेक आवळून चाक फरफटत नेतो. महागडे मऊ रबर अशा जागी लावणे म्हणजे शाळेचे बूट घालून फुटबॉल खेळायला जाण्यासारखे आहे.

आता रबराविषयी. रबराचा कडकपणा मोजायचे एक छोटे घड्याळासारखे यंत्र असते. त्याची सुई रबरात टोचली की ‘शोअर’ नावाच्या मापात आकडा मिळतो. आकडा जितका मोठा, तितके रबर कडक. डोंगरी सायकलींच्या टायरचे रबर ढोबळमानाने चाळीसपासून सत्तरपर्यंत असते. चाळीस-पन्नासचे रबर ओल्या दगडालाही चिकटते, पण आपल्या डांबरी रस्त्यावर खोडरबरासारखे झिजते. साठ ते सत्तरचे ओल्या कातळावर घसरते, कोरड्यावर मात्र काम निभावून नेते आणि टिकते. दुकानात काही हे यंत्र नसते. अंगठ्याचे नख ठोकळ्यात रोवून बघायचे. नख सहज रुतले आणि खूण बराच वेळ राहिली, तर तो टायर पुढच्या चाकासाठी. नखाने दाद दिली नाही, तर मागच्यासाठी बघायला हरकत नाही. आमच्या कारखान्यातही जुने कामगार यंत्राआधी नखच लावत, आणि सहसा चुकत नसत.

रबरानंतर नक्षी. टायरवरच्या रबरी उंचवट्यांना दुकानदार ‘ग्रिप’ म्हणतो, मी ठोकळे म्हणतो. लोकांची समजूत अशी की ठोकळे जितके उंच आणि अक्राळविक्राळ, तितकी पकड जास्त. हे चिखलात खरे आहे. चिखलात ठोकळा खिळ्यासारखा आत घुसतो, आणि दोन ठोकळ्यांत अंतर असले की चिकटलेला चिखल गळून पडतो. पण भाजलेल्या मातीत खिळा घुसणार कसा? तिथे उंच ठोकळा नुसत्या टोकावर उभा राहतो आणि वाकतो. डांबरावर तर तो गुणगुणत चालतो आणि आपली शक्ती खातो. कोरड्या टणक जमिनीला मध्यभागी बुटके, जवळजवळ बसवलेले ठोकळे लागतात. त्यांचे रबर जास्त जागी टेकते. बाजूचे ठोकळे मात्र थोडे उंच आणि मजबूत हवेत, कारण वळताना सायकल त्यांच्यावर कलते.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कोपरहून मलंगगडाचा पायथा गाठायचा तर मानपाडा रस्ता, काटई नाका, खोणी, नेवाळी असा अठरा-वीस किलोमीटर डांबर आणि काँक्रीट तुडवावे लागते. मातीची वाट वाट्याला येते ती पाच-सात किलोमीटर, आणि पुन्हा तेवढेच डांबर परतीला. ज्यांची सायकल गाडीच्या टपावरून डोंगरापर्यंत जाते, त्यांचे टायरचे गणित वेगळे. आपले चाक बहुतेक वेळ रस्त्यावरच झिजणार आहे.

मग मध्यभागी अगदी गुळगुळीत आणि फक्त कडेला ठोकळे असलेला टायर का घेऊ नये? असे टायर मिळतात, आणि पावसाळा संपल्यावर पहिले दोन महिने ते छान चालतातही. पण फेब्रुवारीनंतर आपली वाट बदलते. सह्याद्रीचा बसाल्ट झिजून जो मुरूम होतो, त्याची खडी टणक जमिनीवर गोट्यांसारखी पसरते. तिच्यावर गुळगुळीत टायर ब्रेक लावल्यावर थांबत नाही आणि चढावर जागच्या जागी फिरतो. ठोकळा इतका तरी उंच हवा, की धुळीचा आणि खडीचा थर ओलांडून खालच्या टणक जमिनीला टेकेल. त्याहून जास्त उंचीचे पैसे मोजू नयेत. केंडा या तैवानी कंपनीचा ‘स्मॉल ब्लॉक एट’ किंवा मॅक्सिसचा ‘क्रॉसमार्क’ यांची चित्रे पाहिलीत, तर मध्यभागी दाट, बुटकी नक्षी म्हणजे काय ते चटकन कळेल. तेच टायर घ्या असे मी म्हणत नाही. नक्षी डोक्यात ठेवा आणि तिच्या जवळपासचे काही स्वस्तात मिळते का ते बघा.

पुढचा आणि मागचा टायर वेगळा असू शकतो, हेच पुष्कळांना पटत नाही. पूर्वी सायकलच्या दुकानात जोडीच मागायची पद्धत होती. पण १९९०च्या दशकात जपानच्या पॅनारेसर कंपनीने पुढच्या चाकासाठी ‘डार्ट’ आणि मागच्यासाठी ‘स्मोक’ असे दोन स्वतंत्र टायर विकले आणि ते जगभर गाजले. पुढच्याचे काम वळवणे आणि थांबवणे, मागच्याचे काम ढकलणे. कामे वेगळी म्हणून नक्षी वेगळी. ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्याला हे नवीन वाटेल, पण ज्याने ट्रॅक्टर पाहिला आहे त्याला वाटणार नाही.

आता मापाचा घोळ, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. भाच्याच्या सायकलीचे चाक सव्वीस इंची. या मापामागे गंमत आहे. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये जाड, फुगीर टायरची सायकल आणली. पुढे १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली पोरे याच जुन्या धुडांवर डोंगर उतरू लागली. १९७६ पासून त्यांनी ‘रिपॅक’ नावाची शर्यत भरवली. उताराच्या शेवटी मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. त्यांचे डोंगरही उन्हाळ्यात आपल्यासारखेच कोरडे आणि धुळीचे. त्या श्विनच्या चाकांचे माप डोंगरी सायकलींना चिकटले आणि आपल्याकडच्या स्वस्त ‘एमटीबी’ सायकलींत आजही मोठ्या प्रमाणावर दिसते. परदेशात साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची चाकांनी त्याची जागा घेतली. त्यामुळे उत्तम दर्जाचे सव्वीस इंची टायर आता शोधावे लागतात.

घोळ असा की सव्वीस इंच म्हणजे एकच माप नव्हे. टायरवर २६ × १.९५ असे दशांशात लिहिले असेल, तर तो डोंगरी सायकलीचा. २६ × १ ३/८ असे अपूर्णांकात असेल, तर तो वेगळ्याच रिमचा. दोन्ही सव्वीस, पण एकाचा दुसऱ्यावर बसणार नाही. दुकानातला पोरगा घाईत असेल तर हमखास चूक होते. म्हणून इंचांकडे न पाहता टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत छापलेला दुसरा आकडा शोधा. ५०-५५९ असे काहीसे असेल. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. सव्वीस इंची डोंगरी चाकाला ५५९, साडेसत्तावीसला ५८४, एकोणतिसाला ६२२. जुन्या टायरवरचा हा आकडा कागदावर उतरवून दुकानात जावे.

रुंदी किती घ्यावी? सव्वीस इंचीला १.९५ ते २.१. त्याहून रुंद घेतला तर तो मागच्या फ्रेमच्या दांड्यांना घासतो का, हे आधी बघावे लागते. दोन्ही बाजूंना निदान आपली करंगळी तरी मावली पाहिजे. अरुंद घेतला तर हवा जास्त भरावी लागते आणि मग खडीवर सायकल नुसती उड्या मारते.

हवेचे गणित एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. त्यातला साठ टक्के, म्हणजे सुमारे ५१ किलो भार मागच्या चाकावर. चाकात ५० पौंड हवा असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. ५१ला साडेतीनने भागा. टायर जमिनीला टेकतो ती जागा जेमतेम १५ चौरस सेंटिमीटर, आगपेटीपेक्षाही लहान. हवा ३० पौंडांवर आणली, तर हीच जागा २४ चौरस सेंटिमीटर होते. खर्च शून्य, आणि जमिनीला टेकणारे रबर दीडपटीहून जास्त. टायरची जाडी आणि ताठरपणा यांमुळे प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येतो, पण दिशा हीच. अर्थात फार खाली गेलात तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. साठ-सत्तर किलोच्या माणसाने मातीवर मागे तीस ते पस्तीस, पुढे दोन-चार पौंड कमी, इथून सुरुवात करावी आणि आपल्या अंदाजाने बदलावे. पंक्चरवाला विचारल्याशिवाय दगडासारखे टणक चाक करून देतो. त्याचा दोष नाही, त्याच्याकडे येणारी बहुतेक चाके दुधाच्या किटल्या आणि गॅसचे सिलिंडर वाहतात.

आतल्या कापडाबद्दल थोडक्यात. टायरचा सांगाडा नायलॉनच्या धाग्यांचा असतो आणि एका इंचात किती धागे, हा आकडा काही टायरवर छापतात. शर्यतीच्या टायरला १२० बारीक धागे, मध्यम टायरला ६०, स्वस्ताला तीसच्या आसपास जाडजूड. बारीक धाग्यांचा टायर हलका आणि लवचीक असतो. जाड धाग्यांचा जड, पण आपल्या बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांना जरा जास्त दाद न देणारा. मागच्या चाकाला जड टायर परवडला. तसेच कडेतली तार. घडी होणाऱ्या टायरच्या कडेत तारेऐवजी मजबूत धागा असतो. त्याने काही ग्रॅम वाचतात आणि किंमत पुष्कळ वाढते. घडी करून खिशात घालून फिरायचे नसेल, तर तारेचा घ्यावा.

हे सगळे ऐकून भाचा म्हणाला, “म्हणजे मामा, स्वस्त तोच चांगला?” तसे नाही. स्वस्तातही वाईट माल असतोच. लुधियानाच्या रालसन आणि मेट्रो, हैदराबादची हार्टेक्स या आपल्या कंपन्यांचे डोंगरी टायर काहीशे रुपयांत मिळतात. त्यात नक्षी बघून निवड करावी लागते, कारण बरेचसे नुसते दिसायला रांगडे असतात. दुकानात वर्षानुवर्षे उन्हात टांगलेला टायर घेऊ नये. त्याची बाजू दोन बोटांत दुमडून बघा. सुरकुतीत बारीक चिरा दिसल्या तर रबर म्हातारे झाले आहे. मग टायर आडवा धरून डोळ्याच्या रेषेत फिरवा. कड वाकडीतिकडी दिसली तर तो चाकावर लचकत चालणार. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्यावा.

आम्ही दोघे डोंबिवलीत तीन दुकाने फिरलो. भाच्याला पाठीवर पिवळी रेघ असलेला एक फार आवडला होता. त्याचे ठोकळे बोटभर उंच आणि विरळ. तिसऱ्या दुकानात वरच्या फळीवर एक काळा, साधा, २६ × १.९५चा देशी टायर सापडला. मध्यभागी बुटके दाट ठोकळे, कडेला थोडे उंच, नखाला कडक. हजारात टायर, नवी ट्यूब आणि पंक्चरचे सोल्युशन, ठिगळे एवढे आले आणि चहाचेही पैसे उरले. त्याचा पुढचा टायर अजून चांगल्या स्थितीत होता, म्हणून तो हलवला नाही. तो झिजू लागला की नवा, मऊ रबराचा पुढे येईल आणि आत्ताचा पुढचा मागे जाईल. पैसे तोवर साठतील.

टायर घरीच बसवला. बाजूवर बाण असतो, तो चाक फिरण्याची दिशा दाखवतो. काही टायरवर पुढच्यासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा, असे दोन बाण असतात, कारण मागच्याने ठोकळ्याची सरळ, धारदार कड जमिनीला मारून ढकलायचे असते. एकच बाण असेल तर तो पाळावा. पुढे ठोकळ्यांच्या एका बाजूच्या कडा गोल झाल्या की मागचा टायर काढून उलटा बसवता येतो आणि दुसऱ्या बाजूच्या कोऱ्या कडांवर आणखी दोन-तीन महिने निघतात. बाण उलटा दिसेल, दिसू द्यावा. पुढच्या चाकावर मात्र हा प्रयोग नको.

पुढच्या रविवारी आम्ही पहाटे निघालो. रस्त्यासाठी मागे पंचेचाळीस पौंड हवा होती. मलंगवाडीच्या अलीकडे मातीची वाट सुरू झाली तसा पहिल्याच चढावर त्याचा नवा टायर फिरला आणि तो उतरून माझ्याकडे रागाने बघू लागला. मी काही बोललो नाही. वॉल्व्हच्या मधल्या पिनेवर काडी दाबून हवा सोडली, हवा मोजायचे घड्याळ लावले, बत्तीसवर थांबवले. “आता बसूनच चढ, उभा राहू नकोस,” एवढे सांगितले. उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार उडतो. तो बसून चढला. टायर एकदा करकरला, खडी मागे उडाली, आणि तो वर पोचला.

परतीला नेवाळी नाक्यावर पंक्चरवाल्याकडे दोन्ही चाकांत पुन्हा हवा भरली. त्याने सवयीने साठ पौंड भरले. भाच्याने स्वतःच खाली बसून ते पंचेचाळीसवर आणले.